कमरंत वाकणारं इंजिन

आमच्या गल्लीत कुणी थाप मारली तर 'थाप मारतोय' असं म्हणत नाहीत. 'जोडइंजिन लावतोय' म्हणतात. पोरगं शाळेला दांडी मारून पोटदुखीचं नाटक करायला लागलं की आई म्हणते, लई जोडइंजिन लावू नगंस. दूधवाला पाणी घातलं न्हाय म्हणून शपथ घ्यायला लागला की गिऱ्हाईक तोंडानं नुसतं 'कूऽऽक' करतं आणि दूधवाला गपचूप माप वाढवतो. पलीकडच्या आळीतल्या लोकांना तर हा शब्द कुठून आला हेही ठाऊक नाही. आमच्या तेर गावात सगळंच जुनं, तसा हाही जुनाच असेल, असं ते धरून चालतात.

शब्द जुना वगैरे काही नाही. तो माझ्या मामांचा आहे, आणि मामा अजून चांगले टुणटुणीत आहेत.

मी तेरमधे वेल्डिंगचं दुकान चालवते. गेट, ग्रील, टाकीचे स्टँड, ट्रॉलीची मोडतोड. नवरा मापं घेतो, गोड बोलून ऑर्डर आणतो. जोडायचं काम माझं. बाई वेल्डिंग करते म्हणून बघत उभे राहणाऱ्यांना सुरुवातीला मी शिव्या द्यायची. आता ठिणग्या त्यांच्या अंगावर जातील अशी बसते, बोलायची गरजच पडत नाही. माझं तोंड फटकळ आहे हे गावाला माहीत आहे. पण मामांपुढं मी लहानपणापासून मऊ मेण. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मामांचं घर दोन्हींच्या अधेमधे, त्यामुळं मी नेमकी कुठं वाढले हे सांगायचं तर मामींच्या ओसरीवर, असंच सांगावं लागेल.

मामा तरुणपणी इथल्या अरुंद रुळांच्या छोट्या लाईनीवर इंजिनं पुसायला लागले. तिथून कुणा साहेबाच्या मेहेरबानीनं पार पूर्वेकडं, जंगलातल्या मोठ्या लाईनीवर फायरमन म्हणून गेले. तिथं त्यांनी ते इंजिन बघितलं आणि त्यांचं डोकं जे फिरलं ते आजतागायत जाग्यावर आलेलं नाही. त्या इंजिनाला कुणा इंग्रज इंजिनिअरचं नाव होतं, पण मामा त्याला जोडइंजिनच म्हणायचे.

ते कसं होतं हे सांगायची मामांची एक पद्धत होती. आधी दोन चपला काढायच्या. एक पुढं, एक मागं, दोन्हींच्या टाचा एकमेकींकडं. ही झाली दोन इंजिनं, प्रत्येकाला आपापली चाकं, आपापले दट्टे. मग स्वयंपाकघरातून मामींचं लाटणं पळवून आणायचं आणि दोन्ही टाचांवर टेकवायचं. हा बॉयलर. तो दोन्हीकडं एकेका खुंट्यावर बसलेला, जात्याची वरची तळी खुंट्यावर फिरते तसा. रूळ वळला की पुढची चप्पल वळते, मागची तिच्या वेळेला वळते, लाटणं मधल्यामधे सरळ. लांबून बघणाऱ्याला वाटतं इंजिन कमरंत वाकलं. आणि खरी गंमत म्हणजे बॉयलरखाली एकसुद्धा चाक नाही. चाक नाही म्हणून त्याचं पोट पाहिजे तेवढं मोठं ठेवता येतं, भट्टी खाली मोकळी सोडता येते. पाणी पुढच्या इंजिनावर, कोळसा मागच्यावर, वाफ मात्र दोघांना एकाच भांड्यातली. वजन एवढं, पण इतक्या चाकांवर वाटलेलं की हलका रूळसुद्धा तक्रार करत नाही.

इथपर्यंत येईस्तोवर मामींना पत्ता लागायचा. लाटणं चपलांवर! मग जे रामायण व्हायचं त्यात घाटातली चढण, खनिजानं भरलेल्या डब्यांची माळ, दोन-दोन फायरमननी फावडी मारली तरी 'आण अजून' म्हणणारी भट्टी, असं सगळं वाहून जायचं. आम्ही पोरं खदाखदा हसायचो. मामी लाटणं राखेनं घासायच्या, दोनदा धुवायच्या, आणि मामा चपला घालता घालता उरलेलं सांगून टाकायचे. वाफेची नळी जिथं वाकायची तिथल्या सांध्यातून सूं सूं गळत राहायची, ते म्हणे इंजिनाचं कण्हणं. पुढं डिझेल आलं. डिझेलला फावडं नको, पाणी नको, दोन फायरमनांचा चहा नको. जोडइंजिनं एकेक करून यार्डाच्या कडेला उभी केली आणि मग कापली. मी स्वतः गॅसकटर चालवते, त्यामुळं मोठी झाल्यावर हा भाग आला की मी उठून आत जायला लागले. मामा परत छोट्या लाईनीवर आले आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिले. तोवर ती लाईनही रुंद व्हायला निघाली होती.

आता मामींचं. मामा त्या पूर्वेच्या लाईनीवरून रजा घेऊन आले आणि त्यांचं लग्न झालं. वरात ट्रकमधून. ट्रक चावडीच्या वळणावर आला आणि अडकला. हे वळण म्हणजे गावाच्या नरड्यातलं हाड आहे. गल्ली अरुंद, वळण एकदम काटकोनात, आणि आतल्या कोपऱ्याला गुडघ्याच्या वर येणारा दगडी ओटा. गणपतीच्या ट्रॉल्या तिथं अडकतात, डीजेच्या गाड्या तिथून उलट्या जातात, पुढाऱ्याची लांबडी गाडी तर एकदा अख्खी दुपार तिथं होती. तर ट्रक अडकला, लोक ओरडायला लागले, आणि इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या नव्या नवरीशी नवरदेव आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलला, "आमचं जोडइंजिन असतं ना, तर इथनं बी वळलं असतं."

मामी खाली उतरल्या आणि शालू सावरत चालत सासरी गेल्या. ते वाक्य मात्र ट्रकमधल्या वऱ्हाडानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत तो शब्द सुरू झाला.

मामी कधी हरल्या नाहीत. बाजारात भाजीवाली म्हणाली, मावशी, जोडइंजिन न्हाय, खरंच ताजी हाय, की मामी टोपली जाग्यावर ठेवून तिला विचारायच्या की तू इंजिन बघितलंयस का कधी. नणंदांशी भांडल्या, जावांशी भांडल्या, एकदा तर कीर्तनात मधेच उठल्या. नवऱ्यावरून कुणी हसलेलं त्यांना खपायचं नाही. मी फोन घेतला तेव्हा शोधून शोधून त्या इंजिनाचा फोटो काढला आणि पळत जाऊन पारावर सगळ्यांना दाखवला. माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं, वाटलं, आता जिंकलो. एकानं फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाला, आता फोनमधी वाघ बी कीर्तन करतोय, बाई. मी त्याच्या घरच्या गेटची ऑर्डर परत केली. नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

सगळ्यात जास्त चिडवायचे ते इवाई. इवाई म्हणजे मामांच्या सुनेचे वडील. सास्तूरचे, मोठे जमीनदार, बैलांचे शौकीन, मनानं सोनं पण जिभेला हाड नाही. भूकंपानंतर त्यांचं गाव नव्यानं बसलं, सगळे रस्ते सरळ, त्यामुळं वळण या गोष्टीबद्दलच त्यांना एकूण तुच्छता. मामांना भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, इवाई, तुमचं इंजिन कमरंत वाकतं म्हणता, मग त्याला रातच्याला मलम कोण चोळतंय? मामाही हसायचे. मामी आतून भांडी आपटायच्या.

तर मामांना ऐंशी पुरी झाली आणि पोरांनी सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. गूळतुला, होम, जेवणं, आणि जोडीची वाजतगाजत मिरवणूक. मामींना काय घ्यायचं यावर सुना-लेकींची सभा भरली. कुणी पैठणी म्हणालं, कुणी पाटल्या. मामी लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला साडी नगं, पाटल्या नगं. मला जोडइंजिनात बसून चावडीच्या वळणावरनं जायचं हाय. लगीन झाल्यावर ह्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती खरी व्हती का खोटी, एवढं मरायच्या आधी कळू द्या."

कुणी हसलं नाही. मला तर एकदम रडूच आलं, आणि रडू आलं की मी चिडते, त्यामुळं मी उठून ओरडले की मी बांधते, कोण आडवं येतंय ते बघते. आडवं कुणीच येत नव्हतं.

इवाईंना हे कळलं तसे ते स्वतःची बैलजोडी ट्रकात घालून सास्तूरहून आले. म्हणाले, बैल माझे वापरा, पण वळलं न्हाय तर गल्लीतला शब्द तसाच राहणार. आणि वळलं तर पंगतीत उभा राहून सगळ्यांपुढं सांगीन की इवाई खरं बोलत व्हते. मामांनी हातावर हात मारला. त्या घरातलं कुणी त्या आठवड्यात धड झोपलं नसेल.

मग माझ्या दुकानात जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं का जत्रा, मला अजून ठरवता येत नाही. मामा सकाळी मफलर बांधून यायचे आणि खडूनं फरशीवर इंजिन काढायचे. मी ते पुसून आकडे लिहायची, मामा आकडे पुसून परत इंजिन काढायचे. दोन जुन्या बैलगाड्यांचे साटे, म्हणजे चाकांवरचे सांगाडे घेतले, एक पुढं, एक मागं. मधे बॉयलरच्या जागी जोडीनं बसायची फळी, तिच्यासाठी ट्रॉलीचा सांगाडा. अडचण होती ती खुंट्याची. एवढी माणसं, एवढं लोखंड, आणि ते गरागरा फिरलं पाहिजे. उमरग्याला हायवेवर भंगाराची दुकानं आहेत, तिथं मी आणि नवरा गेलो. लांबलचक ट्रेलर वळताना बघितला आणि मी रस्त्याच्या कडेलाच टाळ्या वाजवल्या. तोंड एकीकडं, धड दुसरीकडं, मधे फिरणारा सांधा. मामांचं निम्मं इंजिन रोज आमच्या जिल्ह्यातून हैदराबादला जात होतं आणि आम्हाला दिसलं नव्हतं. भंगारातून ट्रॉलीच्या चाकांचे दोन दणकट हब उचलले. चाकासाठी असलेला हब आडवा टाकला की त्यावर काहीही फिरतं. मामांनी हातानं फिरवून बघितला, कान लावून ऐकला, आणि म्हणाले, जात्यापरीस गोड फिरतोय.

वाफेवरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. मामांना खरा बॉयलर पाहिजे होता. मी हात जोडले. म्हटलं, मामा, प्रेशरचं भांडं मी जोडणार न्हाय, तुमाला हजार चंद्र दाखवायचेत, दिवसा तारे न्हाय. शेवटी पत्र्याचा ड्रम आडवा बसवला, त्याला चिमणी, चिमणीत धूप. आणि शिट्टीसाठी मामींचा मोठा कुकर, गॅसच्या शेगडीवर, ड्रमच्या मागं नीट जखडून. आता कुकर लावायचाच तर रिकामा कशाला, म्हणून सुनेनं त्यात तुरीची डाळ घालायची ठरवली. वरण शिजवत निघालेली मिरवणूक आमच्या तालुक्यात पहिलीच असावी.

चाचणी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ठेवली. इथं आम्ही जी चूक केली ती आठवली की मी अजून एकटी हसते. मामांच्या चित्रात दोन्ही इंजिनांच्या टाचा एकमेकींकडं आणि तोंडं बाहेर. आम्ही चित्र बघून बघून इतके भारावलेलो, की पुढच्या साट्याला एक जोडी पुढं तोंड करून जुंपली आणि मागच्या साट्याला गावातून मागून आणलेली दुसरी जोडी मागं तोंड करून जुंपली. खुद्द मामांनी जुंपली. इवाईंनी पुढं 'हैक' केलं, मामांच्या पोरानं मागं 'हैक' केलं, आणि दोन्ही जोड्यांनी जीव खाऊन आपापल्या दिशेला ओढायला सुरुवात केली. मधली फळी कुरकुरली. इंजिन तसूभर हललं नाही. बैल गुणी, मागं हटायचं नाव घेईनात. इवाई बांधावर बसून पोट धरून हसले, हसता हसता आडवे झाले, मग त्यांना पाणी पाजावं लागलं.

मामांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "चाकाला पुढं-मागं नसतंय गं. बैलाला असतंय."

आणि मग ते हसलेच नाहीत. घरी आले, कोपऱ्यात बसले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि सगळं सोडून द्या म्हणाले. गल्ली हसली तर हसू दे, पण तुझ्या मामीला त्या फळीवर बसवून परत एकदा खाली उतरवायची, हे माझ्यानं व्हायचं न्हाय. मी पहिल्यांदाच मामांना इतकं बारीक झालेलं बघितलं. माझ्या हातात ब्रश होता, मी उगाच तोच कोपरा घासत राहिले.

रस्ता काढला मामींनी. ऐकलं आणि म्हणाल्या, मागं बैल कशाला? ढकलायला माणसं लावा, माणूस पुढं तोंड करून ढकलतंय. आणि माणसं म्हणजे बाया. गडी लावले तर वळणावर हरेक जण दुसऱ्याला अक्कल शिकवत बसंल. लेकी, सुना, पुतण्या, भाच्या अशी यादी त्यांनी तिथल्या तिथं बोटांवर मोजली. मी मागच्या साट्याला आडवा पाईप जोडला. मामांनी एकच गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात भरवली की वाफ एका भांड्यातली असते. पुढच्यांनी आपलं, मागच्यांनी आपलं, असं चालायचं नाही. दोघांनी एकाच आवाजावर हलायचं, आणि तो आवाज मामा देतील. बायकांनी माना डोलावल्या, आणि कुणी कुठलं लुगडं नेसायचं यावर चर्चा सुरू केली.

मिरवणुकीच्या दिवशी गाव नुसतं लोटलं होतं. पोळ्यासारखे रंगवलेले बैल, झेंडूच्या माळा, हलगी, चिमणीतून धूप. फळीवर दोन खुर्च्या, मामींच्या अंगावर हिरवी साडी, आणि मामा उभे, डोक्याला जुना काळा रुमाल, फायरमन असताना बांधायचे तसा. कुकरनं घराजवळच पहिली शिट्टी दिली आणि लहान पोरं आनंदानं वेडी झाली. मामा 'हां' म्हणायचे, बैल पाऊल टाकायचे, बाया रेटा द्यायच्या. सरळ गल्लीत इंजिन असं काही डुलत निघालं की मला हसू आवरेना, आणि मी खाली वाकून खुंट्यावर नजर ठेवून चालत होते तर घशात धूप जाऊन ठसकाही आवरेना.

इवाई आधीच पुढं जाऊन चावडीच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. पानाचा डबा उघडलेला. म्हणाले, इथंच बसतो, बघू कसं येतंय.

बैल वळले. पुढचा साटा त्यांच्यामागं वळला. इथवर ठीक. आणि मागच्या बाया, पुढचं दिसत नाही म्हणून, सरळच्या सरळ जोर लावत राहिल्या. पुढचं एकीकडं, मागचं एकीकडं, मधली फळी भिंतीकडं सरकायला लागली आणि माझा खुंटा बारीक आवाजात रडायला लागला. तो आवाज मी ओळखते. जोड सुटायच्या आधी लोखंड असंच रडतं. मी वर बघून ओरडले, मामा, आवाज द्या.

मामांच्या तोंडातून आवाज येईना. उभं आयुष्य या वळणाबद्दल बोललेला माणूस कठड्याला धरून उभा होता, ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी, आणि शब्द एक नाही. बैल थांबले. हलगी थांबली. गर्दीतून कुणीतरी 'कूऽऽक' केलं.

मामी खुर्चीतून उठल्या. एक हात मामांच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्यानं पदर कमरेला खोचला, आणि आवाज लावला. हा आवाज भाजीवालीनं ऐकलेला, नणंदांनी ऐकलेला, कीर्तनात ऐकलेला. "पोरींनो, जोर सोडा. म्या म्हनंन तवाच. पुढचे बी, मागचे बी, माझ्या आवाजावर. हां." आणि थांबल्या. "हां." परत थांबल्या. पहाटे जातं ओढताना बाई श्वास घेते त्या तालावर. बैलांचे कान मागं वळले. बायांनी पाय रोवले. हां, आणि पुढचा साटा गल्लीत शिरला. हां, आणि मागचा त्याच्या वेळेला वळायला लागला. खुंटा रडायचा थांबला. आणि मधली फळी, मामा-मामींना आणि शिजत्या डाळीला घेऊन, वळणाच्या आतल्या अंगाला सरकली, थेट ओट्यावर.

गणपतीच्या ट्रॉलीचं चाक नेमकं तिथंच अडतं. आमच्या फळीखाली चाकच नव्हतं. तिचं पोट ओट्याच्या वरून अलगद निघालं, आणि ओट्यावर मांडी घालून बसलेल्या इवाईंना कळेपर्यंत ते त्यांच्या नाकापुढं आलं. ते आधी मागं झुकले, मग आडवे झाले, मग पानाच्या डब्यासकट पलीकडं घरंगळले. कुकरनं त्याच क्षणी शिट्टी दिली. देवाशप्पथ, मी काही जुळवून आणलेलं नव्हतं.

त्यानंतर जो कल्ला झाला तो मला सांगता यायचा नाही. बाया पाईप सोडून फुगड्या घालायला लागल्या, हलगीवाला ताल विसरला, नवऱ्यानं भर रस्त्यात मला मिठी मारली आणि मी त्याला ढकलून परत ओढला. मी हसत होते का रडत होते कोण जाणे, पण मोठ्यानं. मामा खाली बसले होते. मामी उभ्या होत्या, अजून 'हां, हां' म्हणत, गल्ली संपेपर्यंत.

पंगतीत इवाई शब्दाला जागले. गुडघ्याला हळद लावलेली, तरी उभे राहिले आणि सगळ्यांपुढं म्हणाले की जोडइंजिन खरं आहे, ते वळतं, मी स्वतः त्याच्याखाली सापडलो होतो. शेवटच्या रांगेतून कुणीतरी सवयीनं बोललं, लई जोडइंजिन लावू नका, इवाई. अख्खी पंगत हसून हसून वरणात पडायची राहिली. सगळ्यात जास्त मामा हसले. शब्द काही सुधारला नाही, गल्लीत अजून तसाच चालतो.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी ओसरीवर माळा गोळा करत होते. मामा भिंतीला टेकून बसले होते, मामी पाय पसरून शेजारी. हां-हां करून मामींचा आवाज बसला होता. मग मामी म्हणाल्या, "आवं, एक सांगते. तुमच्यापायी सगळ्या गावासंगं भांडले. पण मला बी कधी खरं वाटलं न्हवतं. एक दिवस बी न्हाय."

मामांनी रुमाल सोडला, घडी केली. "ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुला खरं वाटलं असतं तर एकदाच सांगून गप बसलो असतो की."

मामींनी त्यांच्याकडं बघितलं. मग भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या, आणि लाटणं घेऊन आल्या. उंबऱ्याजवळ वाकून एक चप्पल मामांची घेतली, एक स्वतःची. टाचा एकमेकींकडं करून ओसरीवर मांडल्या, आपल्या हातानं लाटणं त्यांच्यावर ठेवलं, आणि समोर मांडी घालून बसल्या.

"आता सांगा," म्हणाल्या.